जखमींचा हिशेब

आज १२ मे, जागतिक परिचारिका दिन. जिल्हा रुग्णालयापासून खेड्यातल्या उपकेंद्रापर्यंत आज फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार पडतील, मेणबत्त्या पेटतील, शपथ होईल. एखादे पाहुणे 'पांढऱ्या वेशातील देवदूत' म्हणतील, आणि ज्यांचा सत्कार झाला त्या सिस्टर शाल टेबलावर ठेवून अर्ध्या तासात सलाईन बदलायला वॉर्डात जातील. यात गैर काही नाही. मात्र माणसाला एकदा देवदूत म्हटले की त्याच्या पगाराचा, पाळ्यांचा आणि रिक्त पदांचा विषय काढणे अप्रशस्त वाटू लागते, आणि बऱ्याच वक्त्यांना ते सोयीचे असते.

ज्या बाईच्या जन्मदिवशी हा दिवस पाळतात ती युद्धातून पुढे आली. तेव्हा युद्धातल्या जखमींचे पुढे काय होते आणि ते कोण करते, हे आज बोलायला हवे. इथे जालना जिल्ह्यातल्या परतूरला बसून युद्धाबद्दल काय बोलायचे, असे कुणाला वाटेल. सीमा इथून दूर. जुन्या माणसांच्या आठवणीत असेल तर १९४८ ची पोलीस ॲक्शन. १५ सप्टेंबरला भारतीय फौजा जालन्यात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते, १९८१ मध्ये ते जालन्याकडे आले. पण या जालना जिल्ह्यातच हिंदुस्थानातल्या एका मोठ्या लढाईचे रणांगण आहे, आणि जखमींचा प्रश्न तिथे जितका उघडा पडलेला दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल.

जिल्ह्याच्या उत्तरेला, खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्थर वेलस्लीच्या फौजेशी तिथे गाठ पडली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तोफांच्या चाकांशीच पडले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. तरी असईसारखी घनघोर लढाई आपण दुसरी पाहिली नाही, असे तो म्हातारपणी सांगत असे. शाळेच्या पुस्तकात मात्र ही लढाई दोन ओळींत संपते.

कंपनी सरकार हिशेबाला पक्के. त्यांच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता असा आकडा कागदावर आहे. शिंदे-भोसल्यांच्या बाजूला असा हिशेब कोणी ठेवला नाही. 'हजारो' एवढ्यावर त्यांची बोळवण झाली.

लढाई दुपारी लागली आणि दिवस मावळेपर्यंत संपली. जखमींचे हाल त्यानंतर सुरू झाले. फौजेबरोबर शस्त्रवैद्य होते, पण हजारावर जखमींना ते कुठे पुरणार? कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज येऊन मिळाली तेव्हा तिला पळणाऱ्या शत्रूच्या मागावर जायचे होते. पण तिचे शस्त्रवैद्य वेलस्लीच्या जखमींसाठी हवे होते, म्हणून ती दोन दिवस थांबली. एवढे करूनही काही जखमींना पहिली मलमपट्टी व्हायला चार दिवस लागले. सप्टेंबरात मराठवाड्यात ऊन कसे लागते आणि उघड्या जखमेवर माशी किती वेळात बसते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. नंतर अजिंठ्याला रुग्णालय उभारून जखमींना डोल्यांतून तिकडे हलवले.

म्हणजे बघा, शस्त्रवैद्य होते, डोल्या होत्या, भोई होते, औषधांच्या पेट्या होत्या. नव्हते ते शुश्रूषेचे खाते. कापलेल्या पायाची पट्टी दुसऱ्या दिवशी कोण सोडणार, रात्री ताप चढला तर कोण पाहणार, घोटभर पाणी कोण पाजणार, अंगाखालचे कांबळे कोण बदलणार, यासाठी त्या फौजेत एकही शिकलेले माणूस नेमलेले नव्हते. छावणीबरोबर आलेल्या बायका, भाईबंद, बाजारबुणगे यांनी जे केले असेल तेवढेच. नाइटिंगेलचा जन्म व्हायला अजून १७ वर्षे होती.

असईला आणखी एक आकडा जोडून पाहू. १९९९ च्या कारगिल युद्धात आपले ५२७ जवान धारातीर्थी पडले आणि १,३६३ जखमी झाले. असईत ठार झालेल्या प्रत्येकामागे अडीचाहून जास्त जखमी होते, कारगिलमध्येही अडीचाहून जास्त. दोन्ही वेळची मोजदादीची पद्धत वेगळी, शस्त्रे वेगळी, काळात जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर. तरी प्रमाण जवळपास तेच. ५२७ हा आकडा आपल्याकडे पुष्कळांना पाठ आहे आणि तो पाठ असलाच पाहिजे. १,३६३ कुणाला आठवतो? हुतात्म्याच्या गावी कमान उभी राहते, शाळेला नाव मिळते. जखमी जवान हेलिकॉप्टरमधून खाली येतो, एका रुग्णालयातून दुसऱ्यात जातो आणि बातमीतून नाहीसा होतो. तो नाहीसा होतो त्या जागेवर परिचारिका उभी असते. म्हणून तीही बातमीत दिसत नाही.

नाइटिंगेलबद्दलही आपली समजूत हाती दिवा घेतलेल्या चित्रापुरतीच आहे. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ बायकांना घेऊन ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. मायाळू बाई आली आणि सैनिक मरायचे थांबले, अशी गोष्ट आपण ऐकत आलो. प्रत्यक्षात ती आल्यानंतरच्या हिवाळ्यात मरणाचे प्रमाण वाढतच गेले आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभरात बेचाळीसच्या घरात पोचले. मार्चमध्ये स्वच्छतेचा आयोग आला, रुग्णालयाखालची तुंबलेली गटारे उपसली, पाणी साफ केले, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत प्रमाण शंभरात दोनवर आले. युद्ध संपल्यावर तिने हे आकडे मांडून बसून पाहिले आणि तिच्या ध्यानात आले की गोळीने मेले त्यांच्या कितीतरी पट माणसे घाणीने मेली. तिने त्याच्या आकृत्या काढून सरकारपुढे ठेवल्या आणि उरलेले आयुष्य लष्करी बराकी, रुग्णालये, हिंदुस्थानातले पाणी आणि गटारे यांच्या मागे घालवले. दिव्यापेक्षा तिची वही मोठी. शुश्रूषा ही दया नव्हे, ती एक व्यवस्था आहे आणि ती शिकावी लागते, हे तिने आकड्यांनी सिद्ध केले.

व्यवस्था नसली की काय होते, याचा पुढचा धडा मराठी माणसांनीच भोगला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढायला गेलेल्या फौजेचे नावच सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कोकणातली, घाटावरची शेतकऱ्यांची पोरे टायग्रिसच्या काठाने बगदाद घ्यायला निघाली होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला तुंबळ लढाई झाली, हजारो जखमी पडले. त्यांना नदीपर्यंत न्यायला रुग्णवाहिका नव्हत्या, बिनस्प्रिंगच्या गाड्या होत्या. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला त्यात घालून खाचखळग्यांतून न्यायचे म्हणजे काय, याचा विचारच केलेला बरा नाही. नदीवर रुग्णनौका नव्हत्या. दारूगोळा आणि चारा वाहून नेणाऱ्या बार्ज रिकाम्या परत जात, त्यांच्या उघड्या पत्र्यावर माणसे खच्चून भरली.

अशी एक नौका, 'मेजिदिया', बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर धक्क्यावर होता. लांबून त्याला बोटीच्या अंगावरून दोर लोंबताहेत असे वाटले. जवळ आल्यावर कळले की ती विष्ठा होती. कठड्यापर्यंत उठता न येणारी माणसे दिवसचे दिवस जागच्या जागी पडून होती, आणि त्यांच्याखालून घाण बाहेर ओघळून वाळली होती. पट्ट्या ज्या बांधल्या त्या बांधल्या, जखमांत अळ्या पडल्या होत्या. कार्टरने हे लेखी कळवले तर वरिष्ठांनी त्यालाच दम भरला. पुढे चौकशी आयोग नेमला गेला, १९१७ मध्ये अहवाल आला आणि लंडनमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना खुर्ची सोडावी लागली. सेनापतींच्या डावपेचांच्या चुकांवर पुस्तके निघाली आहेत. त्या बार्जवर दर वीस माणसांमागे एक शिकलेले माणूस, स्वच्छ पाण्याची बादली आणि एक बेडपॅन असते तर किती जण सुखरूप मुंबईला पोचले असते, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

जे पोचले त्यांच्यासाठी मुंबईत जागा करावी लागली. ताजमहाल हॉटेलात ६०० खाटा लागल्या. नुकत्याच बांधून झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या इमारतीत मूर्तींच्या आधी जखमी शिपाई आले. पुढे १९१७ मध्ये जायबंदी सैनिकांना हातव्यवसाय शिकवायला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती आज खडकीत आहे. खाटा मिळाल्या, इमारती मिळाल्या. पण खाटेशेजारी उभे राहायला हिंदुस्थानी बाई कुठून आणायची?

कारण तोवर आपल्या समाजाने तो प्रश्न नाक मुरडून बाजूला ठेवला होता. लष्करी रुग्णालयांत शुश्रूषेची घडी बसवायला १८८८ च्या मार्चमध्ये दहा शिकलेल्या परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, त्या सगळ्या विलायतेहून आलेल्या. आणि त्यांनी शुश्रूषा करायची ती गोऱ्या शिपायांची. हिंदी शिपायाच्या रुग्णालयात कायमची शुश्रूषा सेवा यायला १ ऑक्टोबर १९२६ उजाडावा लागला. मधल्या काळात मुंबईत १८९१ साली बाई काशीबाई गणपत परिचारिकेचे शिक्षण घ्यायला दाखल झाल्या. आपल्या देशातल्या परिचर्येच्या पुस्तकांत पहिली हिंदी परिचारिका म्हणून हे नाव येते. काशीबाईंबद्दल याहून फारसे कुठे वाचायला मिळत नाही, हेही त्या इतिहासाला धरूनच आहे. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांचे सेवासदन सुरू झाले, आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने हिंदू बायकांना, त्यातल्या त्यात विधवांना, परिचारिका करण्याचा उद्योग रमाबाईंनी आरंभला. परपुरुषाच्या अंगाला हात, परजातीच्या माणसाचे मलमूत्र, रात्रीचा मुक्काम घराबाहेर: तिन्ही गोष्टी एकदम. पुण्यातल्या शिष्टांनी काय गहजब केला असेल याची कल्पना येते. रमाबाईंनी तो सोसला. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सिस्टरने, आणि हो, प्रत्येक ब्रदरनेही, नाइटिंगेलच्या तसबिरीशेजारी रमाबाईंची तसबीर लावली तर ते शोभून दिसेल.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या वटहुकमाने, लष्करी परिचारिकांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. १९७६ मध्ये गर्ट्रूड ॲलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत त्या पदावर पोचलेली पहिली स्त्री ही डॉक्टर नव्हती, परिचारिका होती. हे झाले उजेडाचे. अंधाराचेही सांगायला हवे. याच सेवेत बाईने लग्न केले तर नोकरी संपली, असा नियम होता. सेलिना जॉन या लेफ्टनंटना १९८८ मध्ये लग्न केले म्हणून घरी पाठवले. त्या भांडत राहिल्या. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघड मनमानीचा ठरवला आणि त्यांना ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. छत्तीस वर्षे. एकीकडे देवदूत म्हणायचे आणि दुसरीकडे मंगळसूत्र दिसले की घरी पाठवायचे, असा हा व्यवहार होता.

परिचारिका नेमके काय करते, हे पाहायचे तर मुरलीकांत पेटकरांची हकीकत घ्या. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी चाळण होऊन पडले, वर अंगावरून गाडी गेली, पाठीच्या कण्याला इजा झाली. ते महिनोन्‌महिने बेशुद्ध होते. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले, तिथेच व्यायाम म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा निघाला. सगळे यथायोग्य. पण गोळी आणि पदक यांच्यामधल्या त्या महिन्यांत काय घडत असेल?

कण्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. एकट्याचे काम नाही ते. मान, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी एका वेळी, एका हुकमावर वळवायचे. वळवले की माकडहाड, टाचा, ढोपरे, डोक्याची मागची बाजू तपासायची. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबून लाली गेली नाही तर तिथे शय्याव्रण सुरू झाला असे समजायचे. चादरीची एक सुरकुती राहिली तरी ती पुरे होते. नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यायचे, त्याआधी नळी पोटातच आहे ना याची खात्री करायची. लघवीची नळी, लघवीचा रंग, तिचे माप. तोंड आतून पुसायचे. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून थेंब घालायचे. दिवसाला बारा वेळा कूस, महिन्याला साडेतीनशे वेळा. हाताखालच्या माणसाला शुद्ध नाही, तो आभार मानणार नाही, कदाचित उठणारही नाही. आणि प्रत्येक वेळी फायलीवर वेळ टाकून सही. डॉक्टर गोळी काढतो त्याला तास-दोन तास लागतात. माणूस वाचतो तो त्यानंतरच्या या साडेतीनशेंमुळे. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, खडकीला कण्याच्या दुखापतीने लुळ्या झालेल्या जवानांसाठी केंद्र निघाले. पुण्याला कधी गेलात तर शनिवारवाड्याबरोबर तेही बघून या. युद्ध संपते म्हणजे काय होते ते तिथे दिसते.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे नाव घेतल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय पुरा होत नाही. १९३८ मध्ये ते चीनला गेले, आघाडीवर जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला. त्यांची पत्नी कुओ छिंगलान आपल्याला ठाऊक आहे ती डॉक्टरांची बायको म्हणून. ती स्वतः परिचारिका होती, त्याच आघाडीमागच्या वैद्यकशाळेत परिचर्या शिकवत होती. किती जखमी तिच्या विद्यार्थ्यांच्या हातून गेले असतील? सोलापुरात आणि चीनमध्ये डॉक्टरांची स्मारके आहेत. ती रास्तच आहेत. एवढेच की रणांगणाच्या वैद्यकातही बाईच्या कामाला नवऱ्याच्या आडनावाने ओळखायची आपली सवय सुटली नाही.

अलीकडची गोष्ट घेतली तर सवय मोडल्यासारखी वाटते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या. त्यांच्या वॉर्डात २० गरोदर बाया. खालच्या अंगाला दोन पहारेकऱ्यांना गोळ्या घातलेल्या त्यांनी पाहिल्या, अतिरेकी जिन्याने वर येताना ऐकले. त्यांनी वॉर्डाची जड दारे लावून घेतली, दिवे मालवले, विसाही जणींना टोकाच्या लहानशा खोलीत नेले. गोळी लागलेल्या सहकारी बाईला उपचाराला पोचवले. मध्येच एकीला कळा सुरू झाल्या. बाहेर गोळीबार आणि हातबॉम्ब चालू असताना तिला भिंतीच्या कडेकडेने चालवत त्यांनी प्रसूतिकक्षात नेले, आणि ते बाळ जन्मले. विसांतली एकही दगावली नाही. पुढे त्यांनी कसाबला ओळखले आणि न्यायालयात साक्ष दिली ती परिचारिकेच्या गणवेशात. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्यांचे म्हणणे ऐकले.

या हकिगतीत धाडस आहेच. पण धाडसाच्या कौतुकात एक गोष्ट निसटते. दार कोणते जड आहे, कोणती खोली आडोशाची आहे, कोणत्या बाईचा रक्तदाब वाढलेला आहे, कोण कधी बाळंत होईल, हे त्यांना त्या क्षणी माहीत होते. रोजच्या ड्यूटीतून, हँडओव्हर नीट घेण्यातून ते माहीत झाले होते. त्या रात्री वॉर्डात कंत्राटावर परवा आलेली आणि उद्या जाणारी मुलगी असती, तर तीही धाडसी असू शकली असती; पण तिला खोली सापडली असती का?

ही गोष्ट आपल्यापर्यंत येते ती इथे. मे २०२५ मध्ये सीमेवर तोफा धडाडल्या. ७ तारखेला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, भोंगे वाजले, दिवे मालवून पाहिले. जखमी आले तर त्यांना कोण घेणार, हा प्रश्न त्या दोन-चार दिवसांत सगळ्यांना पडला, आणि शस्त्रसंधी होताच विसरला गेला. तोच प्रश्न आपल्या भागात शस्त्रसंधीच्या काळातही पडतो. लग्नसराईत वऱ्हाडाचा टेम्पो रात्री उलटतो. वीस-पंचवीस जखमी जीपमधून, रिक्षातून, मिळेल त्यातून एकदम दारात येतात. ग्रामीण रुग्णालय म्हणजे तीस खाटा. समजा परिचारिकांची सात पदे आहेत आणि सातही भरलेली आहेत. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, नाइट-ऑफ, एखादी बाळंतपणाच्या रजेवर, एखादी प्रशिक्षणाला: रात्री वॉर्डात एकच सिस्टर उरते. प्रसूती तिची, सर्पदंश तिचा, हे वीस जखमीही तिचे. डॉक्टर येईपर्यंत आधी कोणाला घ्यायचे हे ती ठरवते. मोठ्याने ओरडतोय त्याला थोडे थांबता येते. गप्प पडलाय, ओठ पांढरे पडलेत, त्याच्याकडे आधी धावायचे. लष्करी रुग्णालयात याच निवडीसाठी लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या पट्ट्या असतात आणि त्याचा सराव करून घेतलेला असतो. इथे तिला पट्ट्या नाहीत. नातेवाइकांची गच्ची पकडणारी गर्दी मात्र असते.

मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हेच हजारपटीने पाहिले. युद्ध, भूकंप, अपघात यांत जखमेला फरक कळत नाही. मागाहून पलटणी येतात, मदतीचे ट्रक येतात. पण पहिले काही तास ज्याच्या त्याच्या गावच्या रुग्णालयात जे मनुष्यबळ असेल तेवढ्यावरच निघतात. आणि ते मनुष्यबळ ऐनवेळी उभे करता येत नाही. शिकलेली परिचारिका तयार व्हायला तीन-चार वर्षे लागतात, वॉर्डात मुरायला आणखी काही. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका ठेकेदारी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, जुलै २०२५ मध्ये पुन्हा तोच मुद्दा घेऊन उतरल्या. रुग्णांचे हाल झाले, त्यांच्यावर टीकाही झाली. तरी त्यांचे म्हणणे देशाच्या तयारीशी जोडलेले आहे, हे सरकारने ओळखायला हवे. मेसोपोटेमियातही पैसा वाचवण्यासाठीच नौका कमी पाठवल्या होत्या.

जगाकडे पाहिले तर आणखी घोर लागतो. ३ मे २०१६ रोजी सुरक्षा परिषदेने युद्धात रुग्णालये आणि वैद्यकीय कर्मचारी यांच्यावर हल्ले होऊ नयेत, असा ठराव एकमताने केला. त्यानंतर युक्रेनमध्ये आणि गाझात रुग्णालयांचे काय झाले ते आपण टीव्हीवर पाहिले. २०१४ मध्ये इराकमधल्या तिक्रितला ४६ भारतीय परिचारिका अतिरेक्यांच्या तावडीत सापडून सुखरूप परतल्या. त्यांतल्या बहुतेक केरळच्या. घरच्या कर्जासाठी, थकलेल्या पगारासाठी त्यांतल्या कित्येक जणी शेवटपर्यंत तिथे थांबल्या होत्या. केरळने परिचारिकेचे शिक्षण घरोघर नेले. आपल्याकडे अजून स्थळ पाहायला आलेली मंडळी 'मुलगी नर्स आहे, नाइट ड्यूटी असेल' म्हणून चहा अर्धा टाकून उठतात. रमाबाईंच्या काळापासून आपण किती पुढे आलो, याचे माप हवे असेल तर ते हे.

म्हणून आजच्या दिवशी दोन मागण्या आणि एक विनंती. पहिली मागणी शासनाकडे: ग्रामीण रुग्णालयांतली अधिपरिचारिकांची सगळी पदे कायम नेमणुकीने भरा, आणि नागरी संरक्षणाच्या पुढच्या सरावात भोंग्याबरोबर तालुक्याचे रुग्णालयही घ्या; वीस जखमी एकदम आले तर काय करायचे, याची तालीम तिथल्या सिस्टरना, ब्रदरना वर्षातून एकदा तरी मिळू द्या. दुसरी मागणी आपल्याच लोकांकडे: रात्रीच्या वॉर्डात एकट्या बाईवर हात उगारणारा कोणीही असो, त्याच्या मागे गावाने उभे राहू नये.

विनंती परतूर-मंठ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि पालकांना. आपल्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. त्यांच्या घरी बहिणीही आहेत. सैन्यदलांच्या सहा परिचर्या महाविद्यालयांत बी.एस्सी. नर्सिंगच्या २२० जागा असतात. त्यांतल्या ४० पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) आणि ४० मुंबईच्या अश्विनीत, म्हणजे ८० जागा महाराष्ट्रातच. बारावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र आणि इंग्रजी घेतलेल्या मुलींना नीटच्या गुणांवर तिथे अर्ज करता येतो. चार वर्षांचे शिक्षण होते आणि उत्तीर्ण झाल्यावर मुलगी लेफ्टनंट म्हणून सेवेत रुजू होते. यंदा नीट दिलेली एखादी मुलगी तुमच्या वर्गात किंवा घरात असेल, तर तिच्या हाती ही माहिती आजच द्या आणि अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवा.